धंद्याची निवड : नांवावरून कीं कामावरून?

(तरुण वाचक व त्यांचे आईबाप यांच्याकरितां एक पाठ)

तरुण मित्रांनो, दहावीचा व बारावीचा निकाल लागला म्हणजे खेड्यांतील घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : आतां पुढें काय? ह्या प्रश्नास उत्तर देणारे पुष्कळ असतात. मामा म्हणतात, "पोराला इंजिनियर कर." शेजारी म्हणतात, "पोरीला नर्सिंगला घाला, लगेच नोकरी लागते." बरोबरीचे सोबती म्हणतात, "चल पुण्याला, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करूं." वडील गप्प बसून सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे पाहत असतात, कारण कोणताहि मार्ग धरला तरी पैसा कोठून आणावयाचा हें त्यांनाच ठरवावयाचें असतें. आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न असतो, तो मुलगा किंवा ती मुलगी त्या बैठकींत बहुधा तोंडहि उघडीत नाहीं.

ह्या पाठांत आपणांस मुख्यतः एकच गोष्ट शिकावयाची आहे. ती ही कीं, धंद्याचें नांव निराळें आणि धंद्यांतलें काम निराळें. पुष्कळ लोक निवडतात नांव, आणि जन्मभर करावें लागतें काम. म्हणून शहाण्यानें आधीं काम पाहावें, मग आपली शक्ति पाहावी, मग त्या धंद्याचें दार किती रुंद आहे तें पाहावें, आणि शेवटीं खर्च मोजावा. हे चार विचार आपण क्रमानें घेऊं.

१. काम पाहावें

"नर्स" हा शब्द कानीं पडतांच स्वच्छ पोशाख, मोठें इस्पितळ आणि महिन्याचा पगार एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु त्या कामाचा दिवस कसा असतो? पाळी कधीं सकाळची, कधीं दुपारची, कधीं रात्रीची. सणाच्या दिवशींहि कोणाला तरी रात्रपाळी करावीच लागते. जखमा धुणें, रोग्याचीं मलमूत्राचीं भांडीं उचलणें, सलाइन लावणें, कोणतें औषध कोणत्या वेळीं किती दिलें ह्याची नोंद चुकूं न देणें, घाबरलेल्या नातलगांचें कडू बोलणें शांतपणें ऐकून घेणें, हें सर्व त्या एका शब्दांत सांठविलेलें आहे. रक्त पाहून येणारी भोवळ संवयीनें जाते. परंतु ज्याला माणसांचाच कंटाळा आहे त्याचा कंटाळा संवयीनें जात नाहीं, उलट वाढतो.

"शिक्षक" ह्या शब्दाचेंहि असेंच. एकच पाठ चाळीस मुलांना चाळीस प्रकारांनीं समजावून देण्याची चिकाटी, वह्या तपासण्याचें ओझें, हजेरी व तक्ते भरण्याचें काम, शिवाय निवडणूक व जनगणना आली कीं त्यांचीहि जबाबदारी. "वायरमन" म्हटला कीं उन्हांत खांबावर चढणें आलें, आणि वीज बंद केल्यावांचून व ती बंद झाली आहे कीं नाहीं हें तपासल्यावांचून तारेस हात न लावण्याची कडक शिस्त आली. "पोलीस" म्हटला कीं लोक जत्रेंत आनंद करीत असतांना आपण काठी घेऊन उभें राहणें आलें. ह्यांतील कोणतेंहि काम वाईट नाहीं. उलट हीं सर्व कामें समाजास अत्यंत जरूर आहेत. परंतु जो दिवस आपणांस तीस-पस्तीस वर्षें कंठावयाचा आहे, तो एकदां तरी जवळून पाहिल्यावांचून पत्करणें हें बैल न पाहतां दावें विकत घेण्यासारखें आहे.

हें पाहावयाचें कसें? मार्ग सोपा आहे व त्यास खर्च जवळजवळ नाहीं. निकालापूर्वींची जी सुटी मिळते तींतील आठ दिवस काढावे. जो धंदा मनांत आहे तो प्रत्यक्ष करणारें एक माणूस आपल्या किंवा शेजारच्या गांवीं शोधून काढावें, आणि परवानगी मागून त्याच्या सोबत राहावें. जनावरांचा डॉक्टर, गॅरेजवाला, औषधांच्या दुकानाचा चालक, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई, दूध-संकलन केंद्राचा चिटणीस, असें कोणीतरी जवळपास असतेंच. त्यास पुढील पांच प्रश्न विचारावे व उत्तरें वहींत लिहून ठेवावीं :

(अ) आपण किती वाजतां कामास लागतां व किती वाजतां मोकळे होतां?
(आ) ह्या कामांत सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता?
(इ) पहिल्या वर्षीं काय मिळत होतें, आणि दहा वर्षांनीं काय मिळूं लागलें?
(ई) ह्या धंद्यांत आलेले व सोडून गेलेले लोक कां गेले?
(उ) आपला स्वतःचा मुलगा किंवा मुलगी ह्या धंद्यांत येतों म्हणाली तर आपण काय सांगाल?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं तें माणूस किती वेळ थांबतें, हेंहि लक्षपूर्वक पाहावें.

२. आपली शक्ति ओळखावी

आवड आणि शक्ति ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आवड ही इच्छा आहे. शक्ति ही हातांत, डोळ्यांत, कानांत व स्वभावांत असते. जेथें दोन्ही मिळतात तेथें काम फळास येतें. जेथें नुसती आवड आहे तेथें प्रामाणिकपणें तपासणी करावी लागते.

ह्याविषयीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण मनन करण्यासारखें आहे. त्यांचा जन्म बेळगांव जिल्ह्यांत १८६९ सालीं झाला. त्यांना चित्रकलेची आवड होती, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकावयास गेले. तेथें असें दिसून आलें कीं, कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणास ह्याहून मोठा आघात कोणता? परंतु त्यांनीं रडत न बसतां आपल्यापाशीं काय उरलें आहे हें पाहिलें. रेषा काढणारा हात तर उत्तम होता, आणि यंत्रांची हौस लहानपणापासून होती. रंगांवांचून चालणारी अशी चित्रकला म्हणजे यंत्रांचे आराखडे काढणें. त्यांनीं ती विद्या साधली, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेंत ते शिक्षक झाले, आणि पुढें बेळगांवीं सायकलींचें दुकान घालून त्यांनीं स्वतंत्र धंद्यास हात घातला. त्यांतूनच कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर निघाला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें नांगर आरंभीं खपेना. तरी ते चिकटून राहिले, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला.

ह्या चरित्रांतून असा बोध घ्यावयाचा नाहीं कीं प्रत्येकाचें अपयश शेवटीं यशच ठरतें. तसें होत नाहीं. बोध एवढाच आहे कीं, उणीव लवकर कळली तर मार्ग बदलावयास वेळ मिळतो. म्हणून ज्या धंद्यास शरीराची विशेष अट आहे, तींत प्रवेश करण्याआधींच तपासणी करून घ्यावी. रेल्वेगाडीचा चालक होणारास रंग अचूक ओळखतां आले पाहिजेत, कारण सिग्नल हेंच त्याचें पुस्तक. पोलीस व सैन्य यांच्या भरतींत उंची, छाती व दृष्टि यांचीं मापें ठरलेलीं असतात. दोन वर्षें पहांटे उठून मैदानावर धांवणाऱ्या मुलास भरतीच्या दिवशीं प्रथम कळावें कीं आपल्या डोळ्यांत दोष आहे, ह्यापेक्षां तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत एक सकाळ घालविलेली बरी नाहीं काय?

शरीरासारखीच स्वभावाचीहि परीक्षा करावी. मागील वर्षभरांत कोणीं न सांगतां आपण कोणतें काम पूर्ण केलें? कोणतें काम करतांना वेळ कसा गेला हें कळलें नाहीं? घरचे लोक अडचणींत कोणत्या कामासाठीं आपल्यालाच हांक मारतात? बिघडलेला पंप सुरू करावयास, हिशेब जुळवावयास, आजारी आजीजवळ बसावयास, कीं ग्रामपंचायतींत जाऊन बोलावयास? ईश्वरानें दिलेली शक्ति बहुधा अशाच साध्या ठिकाणीं दिसते. ती गुणपत्रिकेंत सांपडेलच असें नाहीं.

३. दार किती रुंद आहे?

काम आवडतें आणि शक्तिहि आहे, एवढ्यानें भागत नाहीं. त्या घराचें दार किती रुंद आहे व बाहेर किती लोक उभे आहेत, हेंहि मोजलें पाहिजे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेचे आंकडे पाहा. अर्ज करणारे १०,१६,८५० होते. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीस बोलाविले गेले २,८५५. आणि शेवटीं नेमणुकीसाठीं शिफारस झाली ती १,०१६ उमेदवारांची. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारें ५८० जणांमागें एक. गांवांत कमान उभारून ज्या एकाचा सत्कार होतो तो खरा आहे, आणि त्याचा सत्कार व्हावाच. परंतु उरलेल्या ५७९ जणांसाठीं कोणीं कमान उभारीत नाहीं, म्हणून ते आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत, एवढेंच.

ह्यावरून परीक्षेस बसूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. बसावें, पण मर्यादा आधीं ठरवून बसावें. आयोगानेंच सर्वसाधारण वर्गाच्या उमेदवारास सहा वेळां बसण्याची मर्यादा घालून दिली आहे. आपण घरीं त्याहून कमी मर्यादा घालून घ्यावी : दोन वर्षें किंवा तीन वर्षें. ती कागदावर लिहून वडिलांपाशीं ठेवावी, आणि तो काळ संपल्यावर काय करावयाचें हेंहि त्याच कागदावर लिहावें. अपयश आल्यावर मर्यादा ठरवूं लागलें म्हणजे मन म्हणतें, "आणखी एकच वेळ." आणि असें म्हणतां म्हणतां पंचविसाचा तरुण बत्तीस वर्षांचा होतो, त्याला कोणत्याहि कामाचा अनुभव नसतो, आणि गांवीं परत येण्याची लाज वाटूं लागते. ही लाज पुष्कळ घरांत मोठें दुःख घेऊन आलेली आहे. म्हणून ती उत्पन्न होण्यापूर्वींच परतीची वाट बांधून ठेवणें हें भित्रेपणाचें लक्षण नव्हे, शहाणपणाचें आहे.

दार आज रुंद आहे म्हणून उद्यांहि तसेंच राहील, हीहि चुकीची समजूत होय. एके काळीं महाराष्ट्रांत डी.एड. झालें कीं शिक्षकाची नोकरी ठरलेली, असें सर्वजण मानीत. त्यामुळें अध्यापक विद्यालयें भराभर निघालीं व मुलामुलींची तेथें रीघ लागली. पुढें २०११ च्या आक्टोबरांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. पुष्कळ ठिकाणीं पटावर मुलें होतीं, पण वर्गांत नव्हतीं, असें उघडकीस आलें. त्यानंतर २०१२ सालीं शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षाहि द्यावी लागूं लागली. हातीं पदविका असलेले हजारों तरुण दुसऱ्या कामाच्या शोधांत फिरले, आणि अनेक अध्यापक विद्यालयें ओस पडलीं. त्या तरुणांचा अपराध काय? एवढाच कीं, सर्व गांव ज्या दारीं धांवला त्याच दारीं तेहि धांवले. जेव्हां सर्वजण एकाच धंद्याचें नांव घेऊं लागतात, तेव्हां आपले शिक्षण पुरें होईपर्यंत तें दार तितकेंच उघडें राहील काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली असें समजावें.

४. खर्च मोजावा

खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. समजा, एका घरीं तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगा शहरीं राहून परीक्षेची तयारी करतो. खोलीचें भाडें, खाणावळ, शिकवणी व पुस्तकें मिळून महिन्यास दहा हजार रुपये धरले, तर पांच वर्षांत सहा लाख रुपये झाले. शिवाय त्या पांच वर्षांत तो जें कमावूं शकला असता तेंहि गेलें. आतां हे सहा लाख कोठून आले? बहुधा एक एकर विकून, किंवा सावकाराकडून, किंवा धाकट्या बहिणीचें शिक्षण थांबवून. तें तिसरें उत्तर कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. परंतु थोरल्या मुलाच्या निवडीचा खर्च धाकट्या मुलीनें सोसावा हें अन्यायाचें आहे, हें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें.

फी भरण्यापूर्वीं संस्थेची मान्यता पाहावी. नर्सिंगची शाळा असेल तर तिला भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदांची मान्यता आहे काय? परिचारिकेचें नांव परिषदेच्या पटावर नोंदलें गेल्यावांचून तिला परिचारिका म्हणून काम करतां येत नाहीं. आणि मान्यता नसलेल्या शाळेंतून आलेल्या मुलीची नोंद होत नाहीं. औषधशास्त्राची संस्था असेल तर भारतीय औषधनिर्माण परिषदेची, व तंत्रशिक्षणाची असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळीं प्रसिद्ध करीत असतो, तीहि पाहावी. जो मध्यस्थ पावती देत नाहीं, "आजच भरा, उद्यां जागा उरणार नाहीं" असें म्हणतो, किंवा मूळ दाखले स्वतःपाशीं ठेवून घेतो, त्याच्या ओट्यावरून उठून यावें. चांगल्या संस्थेस असल्या घाईची गरज नसते.

त्याचप्रमाणें मिळणाऱ्या साहाय्याचीहि चौकशी करावी. अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क-शिष्यवृत्ति आहे. २०२४ सालीं राज्य सरकारनें असा निर्णय केला कीं, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास ह्या वर्गांतील ज्या मुलींच्या घरचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांस सरकारी प्रवेशप्रक्रियेनें मिळालेल्या मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ असावें. पुष्कळ मुलींचें शिक्षण केवळ ही माहिती घरीं वेळेवर न पोंचल्यामुळें अडतें. दाखले काढावयास उशीर लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहतां उत्पन्नाचा व जातीचा दाखला आधींच काढून ठेवावा.

हाताच्या कामाविषयीं दोन शब्द

आपल्या लोकांत अजून अशी समजूत आहे कीं, खुर्चीवर बसून करावयाचें काम मोठें आणि हात काळे होणारें काम हलकें. ह्या समजुतीनें पुष्कळ चांगल्या मुलांची हानि केली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे आय.टी.आय.मध्यें, दहावीनंतर वीजतंत्री किंवा फिटर यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, वेल्डिंगचा एक वर्षाचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वयें त्यानंतर कारखान्यांत विद्यावेतन घेऊन काम शिकतां येतें. दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तम रीतीनें पुरा करणारास, अटी पुऱ्या केल्यास, तंत्रनिकेतनांत थेट दुसऱ्या वर्षीं प्रवेश मिळूं शकतो. म्हणजे हा मार्ग बंद गल्ली नव्हे. त्याला पुढें वाट आहे.

शेतीविषयींहि असेंच म्हणावें लागतें. "कांहींच जमलें नाहीं तर शेती आहेच," असें आपण बोलतों, आणि मग उरलेल्या मुलाच्या हातीं उरलेली जमीन देतों. शेती ही उरलेल्याची वांटणी नव्हे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें चार कृषि विद्यापीठें आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषि विज्ञान केंद्रें आहेत व तेथें मातीची परीक्षा, रोपवाटिका, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय यांचें थोड्या दिवसांचें शिक्षण मिळतें. ज्याला शेती करावयाची आहे त्यानेंहि वरील चार प्रश्न विचारावे : काम पाहिलें काय, शक्ति आहे काय, बाजाराचें दार किती रुंद आहे, आणि पाण्याचा व भांडवलाचा खर्च किती? जो विचारपूर्वक शेती निवडतो तो, आणि जो नाइलाजानें तींत पडतो तो, हे दोघे एकाच बांधावर उभे असले तरी दोन निराळे शेतकरी होत.

मुलींविषयीं

मुलीचा धंदा म्हणजे लग्न होईपर्यंतची करमणूक, असें मानणारे आईबाप अजूनहि आढळतात. त्यांनीं अनुताई वाघ यांचें चरित्र वाचावें. १९१० सालीं जन्मलेल्या अनुताईंचें लग्न तेराव्या वर्षीं झालें, आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांचें आयुष्य तेथेंच संपलें असतें. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ सालीं ताराबाई मोडक यांच्या सोबतीनें बोर्डी येथें बालशिक्षणाच्या कामास लागल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांनीं जन्म वेंचला. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी, आणि गुरें राखणाऱ्यांसाठीं ती कुरणांत भरवावी, ही त्यांची रीत होती. अंगणवाडी हें नांव आज देशभर घरोघरीं ठाऊक आहे. मुलीच्या हातीं विद्या व काम असणें हें तिच्या संकटकाळचें घर आहे. तें सुखाच्या काळींच बांधून द्यावें.

पहिला धंदा शेवटचा नव्हे

इतका विचार करूनहि निवड चुकूं शकते. तसें झालें तर घाबरूं नये. भाऊराव पाटील मॅट्रिकहि झाले नव्हते. त्यांनीं साताऱ्यास शिकवण्या केल्या, ओगले यांच्या कांचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकीत ते खेडोपाडीं हिंडले. तें विक्रेत्याचें काम त्यांनीं जन्मभर केलें नाहीं; परंतु तें फुकटहि गेलें नाहीं, कारण त्या हिंडण्यांतच खेड्यांतील मुलांचें अज्ञान व दैन्य त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि कष्ट करून शिकण्याची संवय हजारों गरीब मुलांस लाविली. प्रामाणिकपणें केलेलें पहिलें काम दुसऱ्या कामाची शिदोरी होतें. न केलेल्या कामाची मात्र शिदोरी होत नाहीं. म्हणून मनासारखें मिळेपर्यंत घरीं बसून राहण्यापेक्षां, जें जवळ आहे व प्रामाणिक आहे तें हातीं घ्यावें आणि डोळे उघडे ठेवावे.

आईबापांस विनंति

आईबापहो, आपली न पुरी झालेली इच्छा मुलाच्या खांद्यावर ठेवूं नका. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न बैठकींतून काढून टाका, कारण लोक फी भरावयास येत नाहींत व रात्रपाळीसहि येत नाहींत. घरची मिळकत किती, कर्ज किती, हें सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींस मोकळेपणानें सांगा. खरी स्थिति कळली म्हणजे मुलें बहुधा आपल्या अपेक्षेपेक्षां शहाणपणानें वागतात. आणि मुलगा हरून घरीं आला तर दार उघडें आहे, हें त्याला जाण्यापूर्वींच सांगून ठेवा, आल्यावर नव्हे.

मुलांनो, तुम्हीहि मुकाट्यानें बसूं नका. जें वाटतें तें आदरानें, पण स्पष्ट बोला. "काका, मी आठ दिवस तें काम पाहून आलों आहें, आणि मला असें दिसलें," असें जो तरुण म्हणूं शकतो, त्याचें म्हणणें घरांतील वडील मंडळी ऐकून घेतात. नुसत्या इच्छेला लोक हट्ट म्हणतात. पाहून आलेल्या गोष्टीला ते विचार म्हणतात.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. तुमच्या मनांत जो धंदा आहे त्याच्या एका दिवसाचें वर्णन सकाळपासून रात्रीपर्यंत वहींत लिहा. जेथें लिहितां येत नाहीं तेथें खूण करा; तेंच तुम्हांस अजून पाहावयाचें आहे.

२. तुमच्या गांवांतून मागील पांच वर्षांत त्या धंद्यासाठीं किती जण गेले? त्यांपैकीं किती त्या धंद्यांत आहेत?

३. तुमच्या शिक्षणाचा एकंदर खर्च घरांतील कोणाच्या वांट्यांतून जाणार आहे? त्या माणसास तें ठाऊक आहे काय, आणि मान्य आहे काय?

४. ठरविलेली मर्यादा संपल्यावर काय करावयाचें, हें एका कागदावर लिहून, त्यावर दिनांक घालून, घरांतील वडील माणसापाशीं ठेवा.

५. लक्ष्मणराव, भाऊराव व अनुताई ह्या तिघांच्या मार्गांत कोणती अडचण आली, आणि त्या वेळीं त्यांच्यापाशीं काय उरलें होतें? तुमच्यापाशीं आज काय आहे?